सात नंबरच्या नळ्या

“ही मुलगी नाही,” मॅडम म्हणाल्या.

मी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि त्यांच्या स्क्रीनकडे वाकले. गुणसूत्रांचा फोटो होता. तेवीस जोड्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या ओळीत. शेवटच्या जोडीत एक लांब एक्स आणि शेजारी बुटका वाय. वाय असला की पुरुष, हे तर शाळेच्या पुस्तकात आहे. फोटोवर नंबर होता सात-अ. सात-अ म्हणजे सुषमा. यावल तालुक्यातली, चौतीस वर्षांची बाई. तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्त मी स्वतः काढलं होतं.

“सात-ब उघडा बरं,” मी म्हणाले. सात-ब म्हणजे तिचा धाकटा भाऊ, हेमंत.

मॅडमनी उघडला. तिथे दोन एक्स. वायचा पत्ता नाही.

“हाई काय व्हई गयं!” मी म्हणाले. मी मूळची धुळ्याची. एरवी पुण्याला चालेल असं बोलते, पण घाबरले की आईची बोली बाहेर पडते. मॅडमना शब्द कळले नसतील, सूर कळला.

“मीना, बहिणीच्या जागी भाऊ आणि भावाच्या जागी बहीण. कुठे झालं हे?”

मला तरी काय ठाऊक!

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. मी पेशी वाढवते. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. लॅबमधली सीनियर टेक्निशियन. जळगावला अकरा वर्षं केळीच्या टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये होते. नवऱ्याची बदली पुण्याला झाली तेव्हा इथे मॅडमच्या हाताखाली माणसांच्या पेशींच्या लॅबमध्ये लागले. केळी सोडून माणसं धरली, असं नवरा सगळ्यांना सांगतो. काम तसं तेच. हूडमध्ये हात घालून बसायचं, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या काचेच्या कपाटापुढे, आणि श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. बुरशीचा एक कण पडला की महिन्याचं काम कचऱ्यात. पेशींना रोज खाऊ घालावं लागतं, रविवारी आणि लक्ष्मीपूजनालाही.

आमचा प्रोजेक्ट बायपोलर या आजारावर आहे. या आजारात मन कधी अती वर जातं. चार-चार दिवस झोप नको, बोलणं थांबत नाही, जग जिंकल्याचा आव. आणि कधी इतकं खाली येतं की अंथरुणातून उठून दात घासवत नाहीत. आजार मेंदूचा. आता लिव्हरचं दुखणं असेल तर सुई घालून तुकडा काढतात. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा कोण देईल आणि कोण मागेल? म्हणून वळसा घ्यायचा. दंडातलं रक्त काढायचं. त्यातल्या पांढऱ्या पेशींमध्ये चार ठरावीक जनुकं घालायची. काही आठवड्यांनी मोजक्या पेशी आपण रक्तातल्या आहोत हे विसरतात. गर्भ चार-पाच दिवसांचा असताना पेशी जशी असते तशा होतात, कोणतंही काम शिकायला मोकळ्या. या स्टेम सेल. मग त्यांना वेगळं खाद्य देऊन हळूहळू मज्जापेशी बनवायच्या. त्या त्याच माणसाच्या असतात, त्याला आईबापाकडून जे आलं ते सगळं त्यांच्यात असतं. त्यांच्यातून वीज कशी धावते, लिथियम हे या आजाराचं जुनं औषध घातलं की काय होतं, ते डिशमध्ये बघता येतं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मॅडमना विचारलं होतं, “मग डिशमधली पेशी उदास होते का हो?”

त्या हसल्या होत्या. “उदास माणूस होतो, मीना. पेशी फक्त जास्त किंवा कमी ठोके देते.” उत्तर बरोबर असणार. माझं मात्र अजून समाधान झालेलं नाही.

रुग्णाच्या एकट्या पेशी बघून काही कळत नाही. तुलनेला त्याच घरातलं निरोगी भावंड लागतं. म्हणून प्रत्येक कुटुंबातले दोघं. अ म्हणजे रुग्ण, ब म्हणजे निरोगी. खानदेशातली अकरा कुटुंबं आम्ही घेतली होती. यावल, फैजपूर, पहूर, धुळे. मी तिकडची, माणसं माझ्याशी बोलतील, म्हणून रक्त आणायला मलाच पाठवलं. आठ महिने झाले त्याला. रक्तातल्या पेशी अशा मागे, स्टेम सेलकडे नेताना कधीकधी गुणसूत्रं मोडतात, म्हणून पुढे नेण्याआधी त्यांचा फोटो काढून तपासतात. आमच्याकडे मोडतोड निघाली नाही. हा वाय निघाला.

“मग लेबलं उलटी करा, झालं!” मी म्हणाले. तुम्हीही हेच म्हणाला असता.

“अगं, सात नंबरला भाऊ-बहीण आहेत म्हणून कळलं. तीन नंबरला दोघी बहिणी. पाच, आठ आणि नऊला दोघे भाऊ. तिथे अदलाबदल झाली असेल तर या फोटोत दिसेल?”

नाही दिसणार. दोन्हीकडे सारखंच.

“कुठे झालं, कोणाच्या हातून झालं, हे कळल्याशिवाय मी एकही डिश पुढे नेणार नाही. दोन आठवडे बघू. नाहीतर अकराच्या अकरा कुटुंबं ब्लीचमध्ये.”

टाकून द्यायच्या पेशींवर आम्ही ब्लीच ओततो. दहा मिनिटांत सगळं पांढरं. माझे आठ महिने गेले तर गेले, पगार मिळाला होता. पण ती माणसं? ज्या आजाराचं नाव भावकीत घेत नाहीत, तो आजार त्यांनी माझ्यापुढे फॉर्मवर लिहून दिला होता. एका बाईने नवऱ्याला न सांगता सही केली होती. ही माणसं पुन्हा दंड पुढे करणार नव्हती.

तपास लॅबपासून सुरू केला. रक्त येतं त्याच दिवशी त्यातल्या थोड्या पेशी जशाच्या तशा गोठवून आम्ही लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत ठेवून देतो. त्यांना नंतर कोणी हात लावत नाही. सात-अ ची ती मूळ कुपी काढली. वायवरचं एक जनुक शोधायची साधी टेस्ट असते, दुपारभराची. जनुक असेल तर जेलवर पट्टा उमटतो. मूळ कुपीत वाय नसेल, तर घोळ नंतर माझ्या हूडमध्ये झाला. मूळ कुपीतच वाय असेल, तर रक्त लॅबमध्ये यायच्या आधी झाला. देवाला काय मागावं तेच कळेना. हूडमध्ये बसणारी मीच, रक्त आणणारीही मीच.

पाच वाजता पट्टा उमटला. मूळ कुपीत वाय होता.

म्हणजे घोळ यावलला झाला होता, दंड आणि नळी यांच्यामध्ये कुठेतरी. मॅडमनी त्या दिवसाचा फॉर्म काढला. त्यावर एक चौकट असते, ‘लेबल रुग्णासमोर, लगेच लावले.’ चौकटीत माझी टिक होती.

“लगेच लावलं होतंस ना?”

“हो,” मी म्हणाले.

खोटं होतं ते. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, घरी पोचेपर्यंत नुसती खवखवत होते. त्या दिवशीचं मला सगळं स्वच्छ आठवत होतं. सुषमाच्या दोन नळ्या रॅकच्या पुढच्या ओळीत ठेवल्या, मग हेमंतच्या दोन मागच्या ओळीत. सगळ्या जांभळ्या बुचाच्या, सारख्या. स्टिकर हातात घेतले आणि सुषमाची आई, अक्का, दारात आल्या. “ताई, उठा. बट्टीवर तूप पडलं.”

आता वरण-बट्टी ज्याने खाल्लीय त्याला कळेल. बट्टी चुरून तूप घातलं की पाहुण्याने हात धुवायचे. तेव्हा ‘आलेच’ म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. आणि हे घर तर वेगळंच होतं. अक्का सकाळीच म्हणाल्या होत्या, “सुषमाचं झाल्यापासून भावकीतलं कोनी आमच्याकडे पानीबी पीत नई.” अशा घरात मी म्हणू, थांबा, स्टिकर लावते? मी उठले. वीस मिनिटांनी परत आले, पुढच्या ओळीला अ लावला, मागच्या ओळीला ब लावला आणि टिक केली.

पण रॅक होता तिथेच होता. नळ्या ओळीत होत्या. मग बदलल्या कशा?

मॅडमना सांगितलं, जाऊन विचारून येते. जळगावला उतरले, भुसावळमार्गे यावलची एसटी पकडली आणि पुढे रिक्षाने गावात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीच केळी. वाटेत घोकत होते की विचारायचं कसं. ‘तुमच्या घरात नळ्यांना कोणी हात लावला का’ हे पाहुण्याने विचारायचं म्हणजे चोरीचा आळ घेतल्यासारखंच.

विचारावं लागलंच नाही. सुषमाचे वडील, नाना, ओसरीवर बसले होते. सत्तरीचा ताठ माणूस, पांढरी टोपी, केळीच्या चिकाने हात काळे पडलेले. मला बघून उभे राहिले.

“आल्या का ताई! बैसा, बैसा. रोपं तयार झाली?”

“कसली रोपं, नाना?”

“हेमंतच्या रक्ताची.”

मी अजून नळ्यांबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

“हेमंतच्या कशी होतील? आम्ही तर सुषमाच्या—”

“ते मी बदललं ना,” नाना म्हणाले. चेहऱ्यावर अपराधीपणा औषधालाही नाही. उलट शेजाऱ्याचं काम न सांगता करून दिल्यासारखं समाधान. “तुम्ही जेवू राह्यल्या व्हत्या. पुढच्या नळ्या मागं केल्या, मागच्या पुढं.”

माझं डोकं फिरलं. मी तोंडाने फटकळ आहे, घरचे सांगतील. “अहो नाना, काय करून बसलात कळतंय का तुम्हाला? अकरा घरांचं काम टाकून द्यायची वेळ आलीय! माझी नोकरी जायची वेळ आलीय! विचारायचं तरी होतं!”

नाना गोंधळले. “मंग रोगट झाडाचा कंद देऊ का लॅबले?”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पडला तो नसता पडला तर बरं, असा.

उदाहरण माझंच होतं. रक्त काढण्याआधी याच ओसरीवर मी नानांना समजावलं होतं. म्हटलं होतं, “नाना, तुम्ही टिश्यू कल्चरची रोपं लावता ना? एका झाडाच्या कंदातून इवलासा तुकडा घेतात, बाटलीत वाढवतात, हजारो रोपं होतात. आम्ही तसंच करतो, फक्त रक्तातून.” नाना मान डोलवत होते. मी स्वतःवर इतकी खूश होते की काय सांगू! मॅडमना इंग्रजीतून तासभर लागतो, मी केळीतून दोन मिनिटांत समजावलं. नानांनी एकच प्रश्न विचारला होता, “मदर झाड कोनतं धरनार?” मी म्हणाले, “सुषमाताई.” नाना गप्प झाले. मला वाटलं, समजलं.

मदर झाड म्हणजे ज्याच्यापासून रोपं बनवतात ते मूळ झाड. अकरा वर्षं मी तेच काम केलं, आणि मला हे सुचू नये! मदर झाड बागेतलं सगळ्यांत निरोगी घेतात. मोठा घड, एकही डाग नाही, वर व्हायरसची तपासणी. मदर झाड रोगट निघालं तर हजार रोपं रोगट. हे केळीवाल्याच्या रक्तात असतं. आणि मी त्याच केळीवाल्याला सांगत होते की त्याच्या दोन लेकरांतलं आजारी लेकरू मदर झाड धरणार. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

“मांगं सीएमव्ही आला व्हता,” नाना सांगत होते, केळीला केयी म्हणणाऱ्या त्यांच्या बोलीत. सीएमव्ही हा केळीचा व्हायरसचा रोग, पानावर पिवळे पट्टे येतात आणि त्याला औषध नाही. “बाग उपटली, खड्डा करून पुरली. कोन्या तरी लॅबनं मदर चांगलं धरलं नव्हतं. मले वाटलं, ताई शिकेल हाये, पन केयीतलं इसरली. म्हनून मी बदललं.”

“पण नाना, हेमंतच्या रोपांचं काय करणार होतात तुम्ही?”

नाना माझ्याकडे बघत राहिले. इतका साधा प्रश्न कसा विचारते ही, असं.

“सुषमाच्या डोक्यात लावनार ना तुम्ही? निरोगी रोपं. मंग गोया बंद व्हतीन तिच्या.”

माझा राग कुठच्या कुठे गेला. आठ महिने हा माणूस रोज लेकीकडे बघत होता आणि मनात रोपांचे दिवस मोजत होता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात सुषमा आली. ती जवळच्या नर्सरीत कामाला जाते. बाटलीतली रोपं नाजूक असतात, त्यांना शेडनेटखाली ऊन-वारा सोसायची सवय लावावी लागते, ते काम. बीएस्सी झालेली, हुशार. दोनदा हॉस्पिटलात राहिली, पण गोळ्या नेमाने घेते आणि बरी असते. माझं तोंड बघून तिने विचारलं, “काय झालं ताई?”

मी सगळं सांगितलं. नळ्या, वाय, ब्लीच, रोपं. ती आधी हसली, “नाना, खरंच?” मग हसू गेलं. बापापुढे जमिनीवर बसली.

“नाना, सीएमव्ही आला तवा लॅबले काय नेलं व्हतं तुम्ही?”

“पानं.”

“कोन्या झाडाची?”

“येक रोगट झाडाचं. येक चांगल्या झाडाचं, मियवून पाहाले.”

“नुसतं चांगलंच नेलं असतं, त रोग कसा कयला असता?”

नानांनी नुसती मान हलवली.

“ताई मदर झाड न्यायले आल्याच नव्हत्या, नाना. पान न्यायले आल्या व्हत्या. रोग काय हाये ते पाहाले. माझं पान रोगाचं, हेमंतचं मियवून पाहाचं.”

“तू रोगट नई,” नाना एकदम म्हणाले. “मी कदी तुले रोगट म्हनलं नई, पोरी.”

“म्हनलं नई,” सुषमा म्हणाली. “नळ्या बदलल्या.”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ऐकवेना. नानांनी टोपी काढली आणि टोपीनेच डोळे पुसले. अक्का आतून पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. मी कुठे बघावं ते न कळून अंगणातल्या कोंबड्या बघत बसले.

थोड्या वेळाने मी नानांना नीट सांगितलं, या वेळी उदाहरण न देता. हा उपचार नाही. डोक्यात काही लावणार नाही. आम्ही फक्त बघतोय. यातून सुषमाला काही मिळेल असं मी सांगू शकत नाही, आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत. नाना ऐकत होते. झाडावरचा घड वाऱ्याने पडावा तसा चेहरा.

“मला माहीत होतं,” सुषमा मला म्हणाली. “मी फॉर्म वाचूनच सही केली. लिहिलंय त्यात, तुम्हाला थेट फायदा नाही. नळ्यांचं माहीत नव्हतं, पण नाना रोपांची वाट बघतात ते माहीत होतं. सांगायला जीभ रेटली नाही. किती वर्षांनी खूश होते ते.”

“मग तू का दिलंस रक्त?”

“मलाही बघायचंय ना ताई, आत काय चाललंय ते. एकतीस तास जागी राहिले की डोक्यात नेमकं काय पळतं. तुमच्या डिशमधल्या पेशींना झोप लागते का हो?”

मी म्हणाले, मॅडमना विचारते. माझाच प्रश्न होता तो, जरा वेगळ्या शब्दांत.

मग मॅडमना फोन लावला, तिथूनच, सगळ्यांसमोर. सगळं नानांवर ढकलता आलं असतं. नळ्या त्यांनीच बदलल्या होत्या की! पण मी लेबल वेळेवर लावलं असतं, तर नानांनी नळ्या कितीही पुढे-मागे केल्या असत्या, काही बिघडलं नसतं.

“मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोलले. लेबल जेवण झाल्यावर लावलं होतं.”

मॅडमनी विचारलं, “किती घरांत असं केलंस?”

“फक्त इथे.”

“हे मी कशावरून मानू?”

प्रश्न रास्त होता. झोंबला, पण रास्त होता. “मानू नका,” मी म्हणाले. “अकराही घरी जाते. सगळ्यांच्या गालाच्या आतून स्वॅब आणते. ज्याचा त्याच्या पेशींशी ताडून बघा.”

स्वॅब म्हणजे कापूस गुंडाळलेली काडी. गालाच्या आत फिरवली की थोड्या पेशी लागतात. त्यांचा डीएनए डिशमधल्या पेशींशी जुळला तर माणूस तोच. सुई नको, रक्त नको. मॅडम तयार झाल्या, पण लेबलं लावायला त्यांनी दुसरी टेक्निशियन सोबत पाठवली. मी काडी फिरवायची, स्टिकर तिने लावायचा, माझ्या हाती पेनही नाही. केलं मुकाट्याने.

नऊ दिवस लागले. प्रत्येक दारात जाऊन म्हणावं लागलं की चूक झाली असेल, तपासायचंय, आणि चूक माझी आहे. पहूरच्या दोघी बहिणींनी आधी दारच उघडलं नाही. मग अर्धंच उघडलं. मग चहा केला. मी तो स्टिकर लावून झाल्यावर घेतला. धुळ्याच्या आबांनी, अकरा नंबरच्या पेशंटच्या वडिलांनी, काडी बघून विचारलं, “मांगे रगत लिधं, आते थुका लेस. आखो काय राहिनं शे व माय? बठ्ठं लई जाय एकदाव.” रक्त नेलंस, आता थुंकी, सगळंच ने एकदाचं, असं म्हणत होते. आणि पोराला म्हणाले, उघड तोंड. एकही घर नाही म्हणालं नाही. मला वाटलं होतं निम्मी तरी हाकलतील.

रिपोर्ट आला. दहा कुटुंबं जिथल्या तिथे. सात नंबर पुरता उलटा, नानांनी सांगितला अगदी तसाच. ब्लीचची बाटली कपाटात राहिली. मला लेखी मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता.

खरी गंमत पुढे झाली. सात नंबरची कागदपत्रं सुधारायला मॅडमनी माझी रोजची वही मागितली. पेशी कशा दिसतात ते मी त्यात लिहीत असते. आम्ही दोघी शेजारी बसून वाचायला लागलो. ‘सात-अ, रुग्ण. कडेच्या पेशी उतावळ्या, पसरतात.’ ‘सात-ब, निरोगी. शांत, गोल, देखण्या वसाहती.’ पानोपानी तेच. एका समासात मॅडमच्या अक्षरात होतं, ‘रुग्णाच्या पेशींत फरक दिसतो. लक्ष ठेवणे.’

त्या उतावळ्या पेशी हेमंतच्या होत्या. ज्याला आयुष्यात कधी झोपेची गोळी लागली नाही, त्या हेमंतच्या. आणि शांत, गोल, देखण्या होत्या त्या सुषमाच्या. या टप्प्याला नुसत्या डोळ्यांनी आजारी आणि निरोगी ओळखूच येत नाही, हे आम्हा दोघींना पाठ होतं. तरी दिसत होता फरक. लेबलावर जे लिहिलं होतं तेच आम्हाला दिसत होतं.

मॅडम म्हणाल्या, “नानांनी फक्त नळ्या बदलल्या गं. आपण काय केलं?” वहीत माझ्यापेक्षा त्यांचं अक्षर जास्त ठळक होतं.

सुषमाला रिपोर्ट फोनवर कळवला. वहीचंही सांगितलं. सांगायला हवंच होतं असं नाही, पण राहवलं नाही.

“आठ महिने?” ती म्हणाली.

“आठ महिने.”

“कोणालाच कळलं नाही?”

“नाही.”

मग ती म्हणाली, “ताई, त्या पानाचा फोटो पाठवाल? शांत आणि देखण्या लिहिलंय ते. नानांना दाखवते.”

नियमात बसत नव्हतं. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “नंबर झाक आणि पाठव.”

यातून मी काय शिकले ते सांगून संपवते. दुसऱ्याला त्याच्या धंद्यातलं उदाहरण देऊ नये, असं मी म्हणत नाही. द्यावं. पण त्या धंद्यातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, तेव्हा तो आपल्या उदाहरणाच्या पुढे जाऊन पोचलेला असतो. आता मी समजावून झालं की म्हणते, “मी काय करणार ते आता तुम्ही मला सांगा.” अर्ध्या वेळा जे ऐकायला मिळतं, त्याने घाम फुटतो. स्टिकर सुई काढल्याबरोबर लावते, मग तूप पडो की आभाळ.

आणि लॅबमध्ये अ-ब बंद झालं. आता नुसते आकडे असतात, आणि ते कोणाचे याची यादी मॅडमच्या कुलपात. या लेखातली नावंही खरी नाहीत. सुषमा हे नाव तिचं तिने निवडलं. पेशी आता मज्जापेशी व्हायला लागल्या आहेत, त्यांना बारीक लांब फाटे फुटलेत. त्यांची वीज अजून मोजायची आहे. निकाल काय येईल मला माहीत नाही. मी रोज सकाळी सगळ्यांचं खाद्य बदलते आणि वहीत दिसेल ते लिहिते. सुषमाची डिश कोणती, तेही मला माहीत नाही.